साथीच्या दिवसांतली वही



स्वागताध्यक्षाने वर्गणी गोळा करावी, पंगतीकडे लक्ष द्यावं आणि माइकसमोर फार वेळ उभं राहू नये, असा आपल्याकडचा संकेत आहे. पहिली दोन कामं झाली. तिसऱ्याबाबत थोडी सवलत मागतो.

मी छापखानेवाला. वडिलांच्या हाताखाली खिळे जुळवायला शिकलो, आता ऑफसेट चालवतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडची कविता, धर्म आणि दरबार या विषयावर परिषद भरवायची म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात, तेव्हा मी विचारलं होतं, ‘यात माझं काय काम?’ मग वाचायला लागलो आणि वॉल्टर चेपमन भेटला. लाकूड-कापडाचा व्यापारी, हाताशी पैसा असलेला. छपाई येत होती ती त्याचा भागीदार अँड्र्यू मिलर याला. 1507 साली चौथ्या जेम्स राजाने या दोघांना छपाईची सनद दिली आणि एडिंबरात स्कॉटलंडचा पहिला छापखाना निघाला. सनदेत कायद्याची पुस्तकं होती, बखरी होत्या, स्कॉटिश संतांची प्रार्थनापुस्तकं होती. प्रत्यक्षात त्या छापखान्याचं तारीख असलेलं पहिलं पुस्तक 4 एप्रिल 1508 चं, आणि ते कवितेचं! परवानगी धर्मग्रंथांची आणि यंत्रावर कविता. छापखानेवाल्यांची ही खोड जुनीच म्हणायची.

खिळ्यांची एक गंमत सांगतो. स्कॉट्स भाषेत 3 च्या आकड्यासारखं दिसणारं ‘योख’ नावाचं अक्षर होतं. छापखान्यात तो खिळाच नसे, म्हणून जुळाऱ्यांनी त्या जागी झेड बसवला. त्यामुळे ‘मेंझीज’ असं दिसणारं आडनाव तिकडे आजही ‘मिंगिस’ असं उच्चारतात. एक खिळा कमी पडला आणि एका घराण्याचं नाव पाचशे वर्षं चुकीचं वाचलं जातंय. जोडाक्षरांच्या केसमध्ये हवा तो खिळा शोधताना ज्यांचे डोळे गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण मला बोलायचंय ते छापलेल्या पुस्तकाबद्दल नाही, हाताने लिहिलेल्या एका वहीबद्दल. 1503 साली चौथ्या जेम्सचं इंग्लंडच्या मार्गारेट ट्यूडरशी लग्न झालं. दरबाराचा पगारी कवी विल्यम डनबार याने त्यावर ‘थ्रिसिल अँड द रोज’ ही कविता लिहिली. ती आज आपल्या हाती आहे ती राजवाड्यामुळे नाही आणि चेपमनमुळेही नाही. तेवीस भावंडांतला एक तरुण, जॉर्ज बॅनटाइन, 1568 साली एडिंबरात प्लेगची साथ असताना घरात बसून जुन्या कविता उतरवून काढत होता. त्याच्या वहीत चारशेच्या आसपास कविता आहेत. त्याने त्यांचे पाच भाग पाडले: आधी देवाच्या, मग नीतीच्या, मग गमतीच्या, मग प्रेमाच्या आणि शेवटी प्राणिकथा. डनबारच्या या लग्नकवितेची जुनी प्रत जगात एकच, ती या वहीतली. आपण जिला बाड म्हणतो, तसलीच ही वही.

आणि बाड उतरवणारा निमूट नकलनवीस नसतो. 1560 साली स्कॉटलंडने पोपशी नातं तोडलं होतं. जुन्या कवितांत कुमारी मेरीची आळवणी आली की बॅनटाइन काही ठिकाणी शब्द बदलतो. नव्या धर्माला चालेल इतपत कविता सोवळी करतो. तो घाबरला की मनापासून बदलला, यावर दोन दिवस वाद घालायला तुम्ही मंडळी आहातच. माझं मत साधं आहे. त्याने ते शब्द बदलले नसते तरी चाललं असतं. वही केली नसती, तर मात्र बरंच काही गेलं असतं.

पुढे सहावा जेम्स आला. हा राजा स्वतःच कवी. अठराव्या वर्षी, 1584 मध्ये, त्याने स्कॉट्स कवितेचे नियम लिहून छापले. त्याचा लाडका कवी अलेक्झांडर माँटगोमेरी कॅथलिक झाला आणि 1597 मध्ये एका कटापायी फरारी ठरला. पुढच्या वर्षी तो वारला, तेव्हा चर्चची मंडळी दफनाच्या आड आली. राजाने मध्ये पडून मार्ग काढला आणि त्याच्यावर सुनीतही लिहिलं. उलट अँड्र्यू मेलव्हिल हा कडवा धर्मपंडित. राजाच्या चॅपलमधल्या वेदीची टर उडवणाऱ्या सहा लॅटिन ओळींपायी तो 1607 पासून चार वर्षं लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. सहा ओळी, चार वर्षं!

1603 मध्ये राजा इंग्लंडच्या गादीवर बसायला लंडनला गेला. दर तीन वर्षांनी येईन म्हणाला होता. आला एकदाच, 1617 साली. कवींचा आश्रय गेला. पण त्याच 1603 मध्ये एडिंबरात एलिझाबेथ मेलव्हिलची ‘गॉडली ड्रीम’ छापली गेली. स्कॉटिश बाईचं छापलेलं हे पहिलं पुस्तक. ती दरबारी मुत्सद्द्याची मुलगी, आणि कविता मात्र आत्म्याच्या वाटचालीची. राजवाडा रिकामा झाला तरी देवळातली स्तोत्रं, म्हणजे साम्स, घरोघरी गायली जात राहिली.

या सवयीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. निकोल मॅक्निकोल हा स्कॉटिश मिशनरी पुण्यात राहिला. 1919 मध्ये त्याने आपल्या संतांच्या 108 रचना इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाला नाव दिलं ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’. अभंग ऐकल्यावर त्याला आठवले ते गावाकडचे साम्स.

आता पुरे, अध्यक्षांचा चेहरा दिसतोय. सगळ्यांचं मनापासून स्वागत. पहिलं सत्र साडेदहाला, चहा डाव्या हाताच्या व्हरांड्यात. आणि एक विनंती. व्हरांड्यातच माझ्या छापखान्यातला स्कॅनर मांडला आहे, पोरं दोन्ही दिवस तिथे असतील. कुणाच्या घरी आजोबांचं, पणजोबांचं बाड असेल, तर उद्या घेऊन या. पानं मोजत बसू नका, पैसे लागणार नाहीत. मूळ बाड संध्याकाळी तुमच्या हातात परत मिळेल.