पत्ते संपले, इंटरनेट चालूच

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या आयपीव्ही-४ मानकात असे जेमतेम ४२९ कोटी पत्ते मावतात. फेब्रुवारी २०११मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. तोडगा तर १९९८पासूनच कागदावर तयार होता: १२८ बिटांचा आयपीव्ही-६. मग घोडं अडलं कुठं? जुनं आणि नवं एकमेकांशी थेट बोलत नाही. म्हणून कंपन्यांनी एकेका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवून वेळ मारून नेली. २०१६ साली आलेल्या जिओनं मात्र सुरुवातीपासूनच नवे पत्ते दिले. आज भारत यात आघाडीवर आहे, आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही! मोबाइलच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा. आकड्यांच्या मध्ये इंग्रजी अक्षरं आणि विसर्गासारखी टिंबं दिसली, तर तो नवा.