श्रद्धा चुकीची असेल, पण माणूस?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

मी सूतगिरणीतला कामगार. शाळा थोडी झाली, वाचन सगळं रात्रपाळी सुटल्यावरचं. चुकलं तर सांगा.

परवा आपल्याच एका पोरानं विचारलं, "काका, ख्रिस्ती लोक देव मानतात, आत्मा मानतात. मग त्यांचं चांगलेपण फुकटच ना?" मला ३० सप्टेंबर १९९३ आठवला. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर भुईसपाट झाले. मदतीच्या तंबूत एक ख्रिस्ती नर्सबाई जखमींचे पाय धूत होत्या. मी तेव्हा विशीतला, तोंडाचा तिखट. म्हणालो, "ताई, तुमचा देव कुठं झोपला होता?" बाईंनी वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाल्या, "दादा, कंदील जरा खाली धरा." मी रात्रभर धरला. उत्तर माझ्याकडं होतं, पण पाय त्या धूत होत्या.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म घेतला. सनातन्यांनी गहजब केला, पण महात्मा फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. १८८९ साली बाईंनी शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली केडगावला आणून जगवल्या, शिकवल्या. त्यांचा देव आपण मानत नाही. पण त्या मुलींच्या पोटात गेलेली भाकरी खरी होती.

म्हणून सगळं सारखंच, असं मी म्हणत नाही. मन प्रामाणिक असलं म्हणून चूक बरोबर होत नाही. औषध बंद करून नुसती प्रार्थना करणारा कितीही भोळा असो, रोगी मरतो. चर्चमध्येही जात शिल्लक राहिली, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलं आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक दृष्टी पहिली आहे, ती उगीच नाही. आपल्या बावीस प्रतिज्ञा आपण सोडायच्या नाहीत.

पण भगवंतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातानं धुतलं, हेही विसरायचं नाही. करुणा जिथं दिसेल तिथं तिला मान द्या, चूक जिथं दिसेल तिथं चूक म्हणा. एका तोंडानं दोन्ही बोलता येतं.

आणि पोरांनो, आपली दृष्टी खरी म्हणून मिरवता, तर एक सांगा : आपल्या विहारातून आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसायला कोण जातं? त्या नर्सबाईंना माझं उत्तर अजून द्यायचं राहिलंय. ते तोंडानं देता येणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!