गाडी सकाळी सुरू होत नाही? आधी धूर बघा



आपल्या रेडिओवर आपण भाजीपाल्यापासून बँकेच्या हप्त्यापर्यंत सगळं बोलतो. आज मी गाडीबद्दल बोलणार आहे. आता बऱ्याच गटांकडे भाजी, दूध, मसाले न्यायला एखादी जुनी गाडी असते. गाडी गटाची, हप्ता गटाचा, पण ती बंद पडली की काय करायचं ते मात्र दुसराच कुणीतरी ठरवतो. आमचंही तसंच चाललं होतं.

मी निफाड तालुक्यातली. आमच्या गटात आम्ही ११ जणी. चार सिलिंडरची जुनी डिझेल जीप आम्ही घेतली आणि चालवायला मी शिकले. पहाटे ४ वाजता मेथी, कोथिंबीर भरून नाशिकला निघायचं. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, दरवर्षी बातम्यांत येते. डिसेंबर लागला आणि गाडी पहाटे सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. दोनदा भाड्याचा टेम्पो केला. तिसऱ्या दिवशी टेम्पोही मिळाला नाही आणि मेथी अंगणातच पिवळी पडली.

गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने गाडी न बघताच सांगितलं, “डिझेल पंप गेला. १८,००० रुपये लागतील.” गटाच्या शिलकीत २३,००० होते. बैठकीत कुणी म्हणालं देऊन टाकू, कुणी म्हणालं गाडीच विकू. मी दोन दिवस मागून घेतले.

गावात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सूनबाई, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?” मला सांगता येईना. तीन पहाटे मी स्टेअरिंगपाशी बसले होते, मागे जाऊन बघितलंच नव्हतं.

काकांनी समजावलं ते सोपं आहे. पेट्रोल गाडीत ठिणगी पडते. डिझेल गाडीत ठिणगी नसते. इंजिनात हवा जोरात दाबली जाते, दाबल्याने ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. थंडीत इंजिनाचं लोखंड गार असतं, ते ही उष्णता ओढून घेतं. म्हणून आमच्यासारख्या जुन्या जीपमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. चावी फिरवली की तो आधी आत ऊब करतो. म्हणजे गाडी सुरू व्हायला दोन गोष्टी हव्यात, डिझेल आणि ऊब. यातलं काय कमी आहे ते धूर सांगतो.

सेल्फ मारताना पांढरा धूर येतो, डिझेलचा वास येतो, डोळे चुरचुरतात? मग डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. संशय हीटर प्लगवर घ्या.

धूर अजिबात येत नाही? मग डिझेल पोचतच नाही. संशय पाइप, फिल्टर किंवा लाइनमध्ये शिरलेल्या हवेवर. यालाच मेकॅनिक “गाडीने एअर घेतली” म्हणतात.

पण त्याही आधी सेल्फचा आवाज ऐका. इंजिन रेंगाळत फिरत असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या वायरींची टोकं बघा.

दुसऱ्या पहाटे धाकट्या जावेला बॅटरी घेऊन मागे उभं केलं. मी सेल्फ मारला. ती ओरडली, “ताई, पांढरा धूर! डोळ्यांत झोंबतोय!” तेवढ्यानेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

काकांनी अजून दोन परीक्षा सांगितल्या, कारण दोन्ही दोष सकाळीच डोकं वर काढतात. पाइपला बारीक चीर असेल तर रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी लाइन रिकामी असते. म्हणून गाडी ऊन असताना पाच-सहा तास उभी ठेवा आणि मग सुरू करा. दुपारी नीट सुरू होते आणि फक्त गारठ्यात अडते, तर हीटर. दुपारीही तितकीच अडते, तर हवा. दुसरी परीक्षा सकाळची. फिल्टरजवळ हाताने दाबायचा छोटा पंप असतो. सेल्फ मारण्याआधी तो घट्ट लागेपर्यंत दाबा. त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर हवाच शिरत होती.

आमची गाडी दुपारी एका सेल्फमध्ये सुरू झाली. हातपंपाने सकाळी फरक पडला नाही. उरले हीटर प्लग.

मी म्हटलं, “काका, पण हीटरचा पिवळा दिवा तर लागतो आणि विझतो.” ते म्हणाले, “तो दिवा नुसती वेळ मोजतो. प्लग तापला की नाही, हे तो बघत नाही.” बऱ्याच जुन्या गाड्यांत असंच असतं. दिवा विझेपर्यंत थांबायचंच, पण दिव्यावर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही.

प्लग तपासायला १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. चावी बंद ठेवायची. चारही प्लगना जोडणारी पट्टी सोडवायची. ती सोडवली नाही तर एक चांगला प्लग बाकीच्यांचं पाप झाकतो. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावायची, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. बल्ब लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर तुटलेली. आमच्या चारपैकी दोन ठिकाणी बल्ब लागला नाही. चारही चांगले निघाले असते, तर चावी चालू करून पट्टीपर्यंत करंट येतो का ते बघायचं होतं. येत नसेल तर दोष रिले किंवा फ्यूजमध्ये.

दोनच मेले होते, पण सगळे एकाच वयाचे, म्हणून चारही बदलले. प्लगचे १,६०० आणि मजुरीचे ३०० रुपये. १८,००० चं काम १,९०० मध्ये झालं.

माझी एक चूकही सांगते. काकांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घेतलं. थोड्या वेळाने खाली दोन बोटं पाणी आणि वर डिझेल, असं वेगळं झालं. शेतातल्या इंजिनाच्या कॅनमधलं डिझेल मीच गाडीत ओतलं होतं. ते पाणी पंपात गेलं असतं, तर पंप खरोखरच गेला असता. आता मी दर पंधरा दिवसांनी पाणी काढते आणि रात्री टाकी रिकामी ठेवत नाही, कारण रिकाम्या टाकीत थंडीने दव धरतं.

पंप कधीच जात नाही, असं मी म्हणत नाही. प्लग चांगले असूनही पांढरा धूर येत राहिला, तर इंजिन झिजलेलं असू शकतं. गाडी तापल्यावरही पांढरी वाफ येते आणि कूलंट कमी होतं, तर इंजिनात पाणी जातंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर बघा. मोठ्या खर्चाचा संशय मात्र सगळ्यात शेवटी घ्यायचा.

एक शब्द जपून वापरा. नुसतं “हीटर खराब आहे” म्हटलं, तर मेकॅनिकला काचेवर गरम वारा सोडणारा आतला हीटर वाटेल. तो वेगळा. तो इंजिनाच्या गरम कूलंटवर चालतो. वीस मिनिटं गाडी चालूनही गार वाराच येतो, तर इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. कूलंट भरलेलं आहे आणि तापमानाचा काटाही वर चढत नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा आधीच्या कुणी काढूनच टाकलाय. अशा गाडीचं इंजिन गार राहतं आणि डिझेल जास्त खातं.

आता काय करायचं नाही ते ऐका. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरू नका. स्टार्टिंगचा स्प्रे हीटर प्लगच्या गाडीत मारू नका, आत भडका उडतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. आणि पंपाकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळीची गळती हाताने चाचपू नका. तिथला दाब इतका असतो की डिझेलची धार कातडीतून आत शिरते. तसं झालंच तर थेट दवाखाना गाठा.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या गटाचा फोन आला. त्यांनाही पंपाचाच खर्च सांगितला होता. मी विचारलं, “धूर येतो का?” त्या म्हणाल्या, “अजिबात नाही, आणि दुपारीही अडते.” पाइप तपासायला सांगितला. टाकीजवळ रबरी पाइपला चीर होती. पाइप आणि क्लिप बदलून त्यांचं काम भागलं.

म्हणून गाडीच्या हिशेबाच्या वहीत एक पान राखा. कधी अडली, गारठा होता की ऊन, धूर कुठल्या रंगाचा, हातपंपाने फरक पडला का, एवढं लिहा. गॅरेजमध्ये ते पान वाचून दाखवा आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या. मी पान वाचायला लागले तेव्हा गॅरेजवाल्याने हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, “ताई, हे कुणी लिहिलं?” मी म्हटलं, “आमच्या गटाने.”

आता आमची गाडी पहाटे ४ ला निघते. दिवा विझेपर्यंत मी थांबते आणि जाऊ अजूनही मागे उभी राहून धूर बघते.