क्रांतीनंतर संडास कोण साफ करणार?



विषय दिलाय अरब देशांतला धर्म आणि तिथली उलथापालथ. लांबचा वाटतो, पण तेवढा लांब नाही. आपल्या मलंगगडावरचा बाबा येमेनहून आला अशी लोकांची श्रद्धा आहे. दर्गा पिराचा, वहिवाट केतकर ब्राह्मणांची, आणि माघी पौर्णिमेला पोरं खांद्यावर घेऊन गड चढणारी माणसं सगळ्या जातींची. ऐंशीच्या दशकापासून त्या डोंगरावर राजकारण शिजवलं गेलं ते सोडा. त्यावर वेगळं बोलू.

१७ डिसेंबर २०१०. ट्युनिशियातलं सिदी बुझिद गाव. मोहम्मद बुअझिझी, वय २६, हातगाडीवर फळं-भाजी विकणारा. म्युनिसिपालटीच्या माणसांनी त्याचा माल आणि तराजू उचलला. दाद मागायला गेला तर कचेरीत कुणी उभं करीना. त्यानं कचेरीसमोरच स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारी २०११ ला तो मेला आणि १४ जानेवारीला, २३ वर्षं गादीला चिकटलेला बेन अली सौदीला पळाला. कल्याण-डोंबिवलीत स्टेशनबाहेर जप्तीची गाडी आली की टोपली उचलून पळणारी बाई ज्यानं पाहिलीय, त्याला हे फोडून सांगायला लागत नाही. हा माणूस धर्मासाठी पेटला नाही. तराजूसाठी पेटला.

मग इजिप्त. २५ जानेवारीला कैरोचा तहरीर चौक भरला, ११ फेब्रुवारीला ३० वर्षांचा मुबारक गेला. चौकातली घोषणा होती भाकरीची, स्वातंत्र्याची, सामाजिक न्यायाची. पण २०१२ ची निवडणूक जिंकली मुस्लिम ब्रदरहूडनं. चौकातल्या पोरांकडं हिंमत होती, मोबाईल होते. ब्रदरहूडकडं १९२८ पासून बांधलेली संघटना होती, दवाखाने होते, गल्लोगल्ली माणसं होती. रिकामी जागा जो आधी भरतो त्याची ती होते. पुढं ३ जुलै २०१३ ला लष्करानं ब्रदरहूडच्या मोर्सीला हाकललं आणि १४ ऑगस्टला राबा चौकात एका दिवसात शेकडो माणसं मारली. दाढीवाला गेला, वर्दीवाला आला. भाकरीचं म्हणाल तर २०२४ च्या जूनमध्ये सरकारी स्वस्त भाकरीचा भाव एका झटक्यात चौपट झाला.

आता आपल्या कल्याणवर येतो. मे २०१४ मध्ये इथली चार पोरं यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेली आणि तिथून इसिसकडं पसार झाली. अडाणी नव्हती, त्यांत इंजिनिअरिंगच्या वर्गातली पोरं होती. महिन्याभरानं, २९ जूनला, त्या टोळीनं खिलाफत जाहीर केली. जी खिलाफत वाचवायला १९२० च्या आसपास आपल्या मुंबईत सभा भरत होत्या आणि जी तुर्कांनी स्वतःच ३ मार्च १९२४ ला मोडीत काढली, तीच. चौघांतला एक नोव्हेंबरात तुर्कस्तानमार्गे परत आला, एनआयएनं धरला. तिथं त्याच्या हातात बंदूक नव्हे, संडास साफ करायचं आणि पाणी भरायचं काम दिलं होतं, असं त्यानं तपासात सांगितल्याच्या बातम्या तेव्हा पेपरांत आल्या.

लोक त्या बातमीवर हसले. मला हसू आलं नाही. स्वर्ग बांधायला निघालेल्यांनाही संडास लागतोच. तो कुणी साफ करायचा हे कुठल्या जाहीरनाम्यात लिहिलेलं नसतं, पण ठरलेलं असतं.

येमेनात तर ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. तिथं एक काळ्या कातडीची जमात आहे. लोक तिला अखदाम म्हणतात, म्हणजे चाकर. ते स्वतःला मुहम्मशीन म्हणवतात, म्हणजे कडेला लोटलेले. मुसलमानच आहेत, भाषा अरबीच, अल्लाही तोच. काम रस्ते झाडायचं, राहणं गावाबाहेरच्या पत्र्याच्या झोपड्यांत. तिथं म्हण आहे की कुत्र्यानं भांडं चाटलं तर धुवा, अखदामानं शिवलं तर फोडा. ऐकल्यासारखं वाटतं ना? २०११ मध्ये हेही लोक चौकात उतरले. सालेह गेला. नवा देश कसा असावा हे ठरवायला २०१३ मध्ये राष्ट्रीय परिषद बसली. प्रतिनिधी ५६५. त्यात मुहम्मशीनांचा एक. एक! पुढं युद्ध आलं आणि तो एकही कागदावर राहिला.

ग्रंथात समता आहे म्हणून गल्लीत असते असं नाही. हे मी फक्त मुसलमानांना ऐकवत नाही. १९५६ ला आपणही धर्म बदलला, आणि ठीकच केलं. पण आपल्या म्युनिसिपालटीच्या सफाई खात्याच्या हजेरीला सकाळी जाऊन उभे राहा आणि कोण कुठल्या वस्तीतून आलंय ते बघा.

आणखी एक. त्या चार पोरांच्या नावानं इथं अख्ख्या मोहल्ल्याकडं बोट दाखवलं जातं. पोरं गेल्याची खबर पोलिसांत दिली ती त्यांच्या घरच्यांनीच, हे मात्र कुणी सांगत नाही. २०२३ च्या डिसेंबरात पडघ्याजवळच्या बोरिवलीत धाडी पडल्या. गुन्हा केला असेल त्याला कोर्ट बघेल. पण १९७० ची आणि १९८४ ची भिवंडी ज्यांच्या घरात अजून बोलली जाते त्यांना ठाऊक आहे की अशा बातमीनंतर आपल्या वस्तीत कोण येतं, कुणाच्या हातात काठी देतं आणि केस कुणावर पडते. त्या काठीला हात लावायचा नाही. तसंच मोहल्ल्यातल्या पोराला त्याच्या मौलवीच्या हवालीही सोडायचं नाही. त्याच्याही गाडीचा तराजू जप्त होतो. ते सोडवायला आपण त्याच्याबरोबर कचेरीत गेलो नाही तर दुसरा कुणीतरी जाईल, आणि त्याच्याकडं तराजूऐवजी स्वर्ग असेल.

परत आलेल्या त्या पोराचा जामीन हायकोर्टानं फेब्रुवारी २०२१ मध्ये कायम केला. तोवर सहा वर्षं उलटली होती. उरलेले तिघे परतले नाहीत.