नुसती गुंगी



ॲनेस्थेशियाला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, भूल. डॉक्टर भूल देतात, ती चढते, उतरते. रानात ओळखीची वाट हरवते, तेव्हाही भूलच पडते. हे भूल देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न असा: "डॉक्टर, पूर्ण भूल देणार, का तेवढ्यापुरती?" हल्ली या दोन्हींच्या मधलं एक उत्तर रूढ झालंय, गुंगी. फेसलिफ्ट करून घ्यायला आलेली मंडळी तर स्वतःच सांगतात, "पूर्ण भूल नको हं, नुसती गुंगी द्या." त्यातल्या 'नुसती' या शब्दाबद्दल आज बोलणार आहे.

चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेचा आपल्या पुण्याशी जुना संबंध आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या एका गाडीवानाची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका देशी कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी फिरवून नवं नाक बसवलं. इथरची भूल बोस्टनमध्ये पहिल्यांदा जाहीरपणे दाखवली गेली १८४६ साली, म्हणजे अर्ध्या शतकानंतर. तेव्हा कावसजी सगळा वेळ जागा होता. मी हे कधी वाचायला घेतलं की माझाच हात कपाळाकडे जातो.

फेसलिफ्ट विसाव्या शतकातलं. पॅरिसमध्ये सुझान नोएल या सर्जनबाई जागा बधिर करून हे ऑपरेशन करत आणि पेशंट त्याच दिवशी घरी जात. ते जमायचं, कारण तेव्हाचं फेसलिफ्ट वरवरचं असे. कानाजवळून कातडीची पट्टी काढायची आणि टाके घालायचे. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या दोघा फ्रेंच डॉक्टरांनी कातडीखालच्या एका चिवट थराचं वर्णन केलं. नुसती कातडी ताणली तर ती पुन्हा सैलावते, हा थर उचलून बांधला तर काम टिकतं. मग ऑपरेशन खोल गेलं, तीन-चार तासांचं झालं. इतका वेळ निव्वळ इंजेक्शनवर स्वस्थ पडून राहणं सोपं नाही, म्हणून पूर्ण भुलीकडे कल वाढला. पुढे १९८६ मध्ये प्रोपोफॉल बाजारात आलं. दुधासारखं पांढरं, झटकन चढणारं आणि झटकन उतरणारं औषध. ते शोधणारे जॉन ग्लेन मुळात जनावरांचे डॉक्टर, हे पेशंटला मी सहसा सांगत नाही. या औषधामुळे गुंगीचा मार्ग सोपा झाला.

यात खरं काम करते ती जागा बधिर करणारी साधी झायलोकेन. पातळ करून, ॲड्रेनलिन मिसळून ती चेहऱ्यात ठिकठिकाणी टोचली की कातडी पांढरीफटक पडते, रक्त कमी येतं. तिलाही मर्यादा आहे. ॲड्रेनलिनबरोबर वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला ४२०. त्यापुढे धोका. गुंगी असते ती टोचणी सोसावी, वेळ सरावा आणि भीती जावी म्हणून.

फायदे आहेतच. घशात नळी नसते, त्यामुळे उठताना खोकल्याची उबळ येत नाही. फेसलिफ्टनंतर सर्वांत धास्ती असते ती कातडीखाली रक्त साचण्याची. खोकला, ओकारी, वाढलेला रक्तदाब ही त्याची आमंत्रणं. गुंगीत मळमळही कमी होते.

पण थिएटरमध्ये माझी जागा पेशंटच्या डोक्याशी असते आणि फेसलिफ्टमध्ये ती सर्जन घेतात. मी बाजूला सरकते, चेहरा हिरव्या कापडांखाली, श्वासाचा रस्ता माझ्या हातापासून लांब. पूर्ण भुलीत तो रस्ता नळीनं बांधून घेतलेला असतो, गुंगीत मोकळाच. प्रोपोफॉल थोडं जास्त झालं की गुंगीची पूर्ण भूल होते, मधे कुठे पाटी लावलेली नसते. हनुवटी मागे पडते, पेशंट घोरायला लागतो. घरी कुणी घोरायला लागलं की आपण म्हणतो, गाढ झोप लागली. तेच थिएटरमध्ये ऐकलं की मी खुर्चीतून उठते, कारण रस्ता अर्धा बंद झालेला असतो. म्हणून बोटावरच्या चिमट्यावर मी विसंबत नाही. ऑक्सिजन खाली आलेला तो उशिरा सांगतो. नाकाजवळून कार्बन डायऑक्साइडचा आलेख घेतला तर श्वास अडल्याचं लगेच कळतं.

आणखी एक भीती आहे ती आगीची. नाकाशी ऑक्सिजनची नळी, कापडांखाली तो साचलेला, आणि वीतभर अंतरावर सर्जनच्या हातात रक्त थांबवणारी कॉटरी, म्हणजे ठिणगी. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तो वाढला की कापूस, केस, कापड भडकायला वेळ लागत नाही. आमच्यात ठरलेलं असतं. सर्जन म्हणतात "कॉटरी", मी ऑक्सिजन बंद करते, थोडं थांबते, मग "चालू द्या" म्हणते. तीन तासांत असं अनेकदा. सर्जन घाईत असले तरी मी घाई करत नाही.

म्हणूनच जिथं सर्जन स्वतःच गुंगी देतात आणि स्वतःच कापतात, अशा ठिकाणी माझ्या नात्यातल्या कुणाला मी पाठवणार नाही. "नुसती गुंगीच ना, मग सकाळी चहा घेतला तर?" असंही पेशंट विचारतात. दुधाचा चहा सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पूर्ण भुलीला जो नियम तोच इथं. झोपेत श्वास अडकणारे, फार लठ्ठ, आंबट ढेकरांनी हैराण किंवा सुई बघूनच थरथरणारे, यांना मी बहुतेक वेळा पूर्ण भूलच सुचवते. त्यात कमीपणा काही नाही.

राहिली तोंडातून काही निघून जाण्याची भीती. ती बायकांना असते आणि पुरुषांना त्याहून जास्त. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं की माणूस बोलतो आणि मागाहून त्याला काही आठवत नाही. 'भूल' शब्दातला विसर तो हाच. एक बाई आल्या होत्या, साठीच्या. टोचणी संपली आणि त्यांनी कुणालाही न विचारता अळूचं फदफदं कसं करायचं ते सांगायला सुरुवात केली. डाळ भिजवण्यापासून फोडणीपर्यंत, नीट क्रमानं, मधेच एकदा मला दटावून. सर्जनसाहेब हसले नाहीत, हात हलला असता. आठवड्यानं टाके काढायला आल्या तेव्हा चेहरा अजून सुजलेला, कानामागे निळसर डाग. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मी काही बोलले का हो?"

मी सांगितलं, फदफदं.

त्यांनी क्षणभर विचार केला. "मुळा घाला म्हणाले होते ना?"