सतरा अंकी आनंद
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



बुद्धिदात्याच्या मंडपात आज एका संख्येची ओळख करून देतो: १२३४५६७८९८७६५४३२१. दिल्लीत लाख कोटींचे आकडे रोज कानावर पडतात. ही संख्या १२,३४५ लाख कोटींच्याही वर जाते. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच!

ती येते कुठून? नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. शाळेतल्या पद्धतीने गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी होतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १, पुढच्यात दोन, अगदी मधल्या घरात नऊ, मग पुन्हा एकेक कमी. कुठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि नक्षी मोडते.

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. कल्पना सुचली ती जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला! ज्यांचे माहेर किंवा सासर तिथे आहे, त्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

कापरेकरांनी आणखी एक नाव दिले: 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी संख्या. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद. उदाहरणार्थ, १८ ला ९ ने भाग जातो. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. म्हणजे ही डेम्लोही आणि हर्षदही!

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकून १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, त्यामुळे इथल्या काही विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटले. ६१७४ हा त्यांचा प्रसिद्ध स्थिरांक १९४९ चा; पण जगाने दखल घेतली ती १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले.

आपल्या नोएडा-गुडगावच्या घरांत गणित म्हणजे कोचिंग आणि रँक. ते हवेच. पण आठवड्यातून अर्धा तास मुलांना गुणांची चिंता न करता आकड्यांशी खेळू द्या. मास्तरांनी आयुष्यभर तेच केले, कुणी शाबासकी देवो न देवो.

आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मुलांना विचारा: आठ एकांच्या वर्गातही असेच घडते का? उत्तर त्यांनाच शोधू द्या.

गणपती बाप्पा मोरया!