उतरला कुणाच्या घरी?

मी मॅट्रिक. दिवसा गोदीत पोती उचलतो, रात्री कविता लिहितो. समाजशास्त्रावर बोलायचा मला अधिकार काय? एवढाच, की ज्या खेड्यांवर पुस्तकं लिहिली गेली, तसल्याच एका खेड्याच्या गावकुसाबाहेर माझा बाप जन्मला.

पुस्तक हातात घेतलं की मी आधी बघतो, लिहिणारा उतरला कुणाच्या घरी? 1948 साली एम. एन. श्रीनिवास म्हैसूरकडच्या रामपुऱ्यात गेले, राहिले गावच्या पाटलाच्या बैलघरात. पुढं आंद्रे बेते तंजावरच्या श्रीपुरमला गेले, राहिले अग्रहारात. तिथून दलित वस्तीत मोकळं जाता येत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. माणसं प्रामाणिक. श्रीनिवासांचा ‘प्रभावी जात’ हा शब्दही आपल्या कामाचा : जमीन, डोकी, सत्ता जिच्याकडं, गाव तिचा. पण पाटलाच्या दारातून दिसतो तो गाव, अन् गावकुसाबाहेरून भोगला तो गाव, हे दोन गाव आहेत.

त्याच 1948 च्या 4 नोव्हेंबरला बाबासाहेबांनी घटना समितीत हा दुसरा गाव मांडला. खेडं म्हणजे कोत्या मनाचं डबकं, असं तोंडावर सांगितलं. तो राग हवेतला नव्हता. 1928 सालीच त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं होतं. महारवतन म्हणजे तुकडाभर जमीन, अन् तिच्यापायी अख्ख्या घराण्याची रात्रंदिवस राबणूक. जमीन कसली, पायातली बेडी! ती कायद्यानं तुटायला 1958 उजाडलं.

मग शेती बदलली. धरणं आली, पंप आले, ऊस आला, साखर कारखाने आले. हे आधुनिकीकरण, असं प्राध्यापक सांगतात. मी विचारतो, पाणी कुणाच्या रानात गेलं? जमीन त्याला पाणी, पाणी त्याला ऊस, ऊस त्याला कारखान्याचा शेअर. बिनजमिनीच्या हाती उरला कोयता. बीडकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. माणसाचं नाव हत्यार! मुकादम उचल देतो, जोडी ती फेडायला सहा महिने फडात. यात आपले आहेत, वंजारी आहेत, भटके आहेत. बलुत्याची भाकर गेली, उचलीचं कर्ज आलं. आता तोडणीचं यंत्र येतंय. उद्या कोयताही जाईल, मग हे हात जाणार कुठं?

2011 च्या जनगणनेत देशात अनुसूचित जाती 16.6 टक्के. 2015-16 च्या कृषिगणनेत त्यांच्या वहिवाटीची जमीन जेमतेम 9 टक्के. 1964 च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते याचसाठी.

दोस्तांनो, तुमच्यातले काही कॉलेजात हेच शास्त्र शिकतात. जत्रेला गावी जाल तेव्हा वही न्या. सातबारा कुणाच्या नावावर? गायरान कोण कसतंय? यंदा उचल किती, फिटली किती? बाईच्या कामाची मजुरी कुणाच्या हातात पडली? उतरा आपल्याच आळीत, अन् लिहा. दुसऱ्या गावाचं पुस्तक आपल्याशिवाय कोण लिहिणार?

जय भीम!